गोळ्यांची आगोट

आये, यंदा मी त्याची बरणी भरली नाही. तू भेटलीस तर पहिला प्रश्न हाच करशील, म्हणून आधी तेच सांगून टाकते. मे सरत आलाय, शाळेला सुट्टी आहे, गच्चीत कडक ऊन पडतंय. खडेमीठ आणून ठेवलं होतं आणि कैऱ्याही आणल्या होत्या, पण त्या मी शेजारणीला देऊन टाकल्या. तुझी ती मोठी चिनीमातीची बरणी, वरून तपकिरी आणि खालून पांढरी, कडेचा टवका उडालेली, एरवी या दिवसांत माझ्या ओट्यावर भरून झाकून ठेवलेली असायची. मी महाडात, तुझा धाकटा लेक बिरवाडीत, आणि पाऊस लागायच्या आत बरणी भरून त्याच्या घरी पोचवायची हे माझं ठरलेलं काम. लोकांची लग्नं चुकवली असतील मी, कुणाच्या बाराव्यालाही गेले नसेन, पण बरणी कधी चुकवली नाही. तुला शब्द दिला होता ना.

आमच्या शाळेत घाटावरून बदलून आलेल्या एक बाई आहेत. त्यांनी एकदा विचारलं, आगोट म्हणजे काय हो? मी म्हटलं, पावसाआधी घरात भरून ठेवायचं ते सगळं. सांगितलं आणि मलाच ते फार तोकडं वाटलं. आपल्या कुडपणच्या पठारावर पाऊस लागला की खाली उतरायची सोय नाही, ओढे भरलेले, पायवाट शेवाळलेली, धुक्यात स्वतःची गुरं ओळखू येत नाहीत. मग घरात असेल तेच खायचं. वैशाखभर तुझं अंगण भरलेलं. मिरच्या, आंबोशी, कुळीथ, पोलादपूरच्या बाजारातून डोक्यावरून चढवून आणलेली सुकट आणि सुके बोंबील, आणि खडेमिठाची गोणी. बरणीत कैऱ्यांचा थर, मिठाचा थर, पुन्हा कैऱ्या. शेवटी वर दगड. त्या कामात तू कुणाला हात लावू द्यायची नाहीस. "पावसात मागायला जायची पाळी येते ती आळशाच्या घरावर," असं म्हणायचीस, आणि जे भरायचीस ते पुरवून पुरवून वापरायचीस. अर्धं वापरायचं, अर्धं मागं ठेवायचं, हा तुझा कायदा. भादव्यात बरणीचा तळ दिसला की तुझा चेहरा उतरायचा.

चुलीपाशी तुझ्या उजव्या हाताला धाकटा बसायचा. तव्यावरची नाचणीची भाकर तू त्याच्या ताटात टाकतेस, निखाऱ्यावर भाजलेला बोंबील मोडून देतेस आणि खारातली कैरी एक देतेस. तो आधी तिच्यावरचं मीठ चाटतो, मग कैरी खातो, मग आणखी एक मागतो. तू लटकंच ओरडतेस, "मेल्या, गुरागत मीठ चाटतोस!" आणि देतेस. मला मात्र अर्धी. मी मोठी ना. आज हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटलं, म्हणजे बघ.

तुझं डोकं दुखायला लागलं तेव्हा मी लग्न होऊन महाडला आले होते. माहेरी यायचे तेव्हा बघायचे, कपाळाला फडकं करकचून बांधलेलं, त्यावर सुंठ उगाळून लावलेली, आणि तशीच तू म्हशीखाली बसलेली. मानेत कळ येते म्हणालीस, तेव्हा ओढत पोलादपूरला नेलं. प्रेशर आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, रोज एक, आणि मीठ कमी. तू मान डोलावलीस. पुढे नर्सबाई गावात तपासायला यायची तेव्हा तिच्या मशीनवर तुझं प्रेशर बरोब्बर यायचं. ती शाबासकी द्यायची आणि तू शाळेतल्या पोरीसारखी खूश व्हायचीस. मीही खूश. एकदाच मी तिच्या येण्याच्या दिवशी घरी होते. पहाटेच तू गोळी घेतलीस, भाकरीबरोबर कैरी घेतली नाहीस, दुपारी आळणी पेज प्यायलीस. मी म्हटलं, आज काय गो विशेष? तर म्हणालीस, "आज बाई येनार हाय. उगाच वरडते. एक दिस तिच्या मनासारखं केलं म्हंजी तिलाबी बरं वाटतं." मी हसले. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही, कारण आपल्याकडे पाहुणा यायच्या दिवशी अंगण सारवतात, रोज कोण सारवतं?

श्रावणात तुझ्या अंगावरून वारं गेलं. धार काढता काढता तू कलंडलीस, दूध सांडलं, म्हैस बाजूला झाली म्हणून वाचलीस. गावकऱ्यांनी झोळी करून तुला पावसातून खाली उतरवलं, ते मी नंतर ऐकलं. महाडला आणलं तेव्हा तुझं तोंड वाकडं आणि उजवा हात गेलेला. आणि मी तुझी लुगडी आणायला वर गेले तेव्हा कोनाड्यातल्या पत्र्याच्या डब्यात मला गोळ्या सापडल्या. पाकिटंच्या पाकिटं. एकेका पाकिटातली एखाद-दुसरी फोडलेली, बाकी सगळ्या जागच्या जागी, वर फडक्याची पुरचुंडी आणि ओल लागू नये म्हणून खाली तांदूळ. खाली उतरल्यावर मी तुला डबा दाखवला, ओरडले. तू अर्ध्या तोंडानं म्हणालीस, "संपल्या अस्त्या. दुखनं वाडलं तर मंग काय खाल्लं असतं?" आये, तू गोळ्यांचीही आगोट केली होतीस.

त्यानंतरचं तुझं आयुष्य माझ्या घरातल्या खाटेवर गेलं. कुणी म्हणालं सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात हात सुटेल, म्हणून तिकडेही नेलं. कुंडाच्या पायरीवर तुला धरून बसवायचे, हात पाण्यात सोडायचे आणि बोटं हलतात का बघत राहायचे. हलली नाहीत. तू पाण्याकडे बघायचीस, मी तुझ्याकडे. त्याच उन्हाळ्यात, तुला धड गिळतही नव्हतं तेव्हा, तू मला खुणावून ओट्यावरची बरणी दाखवलीस आणि एकेक शब्द जुळवून म्हणालीस, "त्याची बरनी रिकामी ठेवू नको गो. त्याला कोन देनार?" मी हो म्हटलं. पाऊस लागला आणि तू गेलीस.

आता त्याचं ऐक. त्याला तू भात लावताना पाहिलंस, तो आता औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. पाळीभर खुर्चीत बसायचं आणि यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवायची. घाम नाही, चढ नाही. सकाळी नाक्यावर वडापाव, मधल्या सुट्टीत कँटीनची उसळ आणि लोणचं, पाळी संपताना फरसाणाचं पाकीट, घरी आला की ताटात माझी कैरी आणि बोंबील. मी हे कधी एका ताटात मांडून पाहिलंच नव्हतं. तुझ्या ताटात नाचणी होती, रानातला टाकळा होता, कुर्डूची भाजी होती, कुळथाचं कढण होतं, आणि ते सगळं जिरवायला डोंगर होता. आमच्या ताटातून नाचणी गेली कारण ती गरिबाची, टाकळा गेला कारण तो तोडून आणायला वेळ कुणाला आहे, डोंगर तर केव्हाच मागे राहिला. तुझ्याकडून आम्ही उचललं ते फक्त मीठ. वर त्यात दुकानातलं घातलं. आणि मी, दोन पुस्तकं शिकलेली, मुलांना फळ्यावर सकस आहार लिहून देणारी, दर वैशाखात ते मीठ रिक्षात घालून त्याला पोचवत होते.

त्याला प्रेशर आहे हे कारखान्यातच कळलं होतं. तिथे दरवर्षी सगळ्यांना तपासतात, मेडिकल म्हणतात त्याला. पहिल्यांदा जास्त निघालं तेव्हा गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या प्रत्येक मेडिकलला मात्र गडी पास. मला अभिमानानं सांगायचा, "ताय, एकदम नार्मल." मला आनंद व्हायचा. तुझ्यावेळी जो झाला होता तोच आनंद, तितकाच आंधळा. होळीनंतर भावजयीचा फोन आला, ह्यांचे पाय सुजलेत, सकाळी डोळेही सुजलेले असतात, बूट चढत नाय. मी शाळेतून तशीच निघाले आणि त्याला महाडच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पट्टा काढला, थोडं थांबून दुसऱ्या दंडाला बांधला. मग म्हणाली, "काका, डोकं दुखत नाही का तुमचं?" तो म्हणाला, "दुखतं. औषधाच्या दुकानातनं गोळी घेतो, उतरतं." रक्त काढलं, लघवी तपासली. कागद आला तेव्हा तिनं आम्हाला बसवलं आणि सावकाश सांगितलं, मुलांना भागाकार सांगावा तसं. वर्षानुवर्षं प्रेशर चढं राहिलं, त्यानं मूत्रपिंडं खराब होत आलीत. डोकेदुखीच्या गोळ्यांनी भर घातली. जे गेलं ते परत येणार नाही. पण राहिलंय ते टिकवता येईल, रोज गोळी, मीठ एकदम कमी, आणि वेळच्या वेळी रक्त तपासायचं. "नाही केलंत तर डायलिसिसवर जावं लागेल. मशीनला लावून रक्त साफ करायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, कायमचं. आज ते टाळणं तुमच्या हातात आहे. थोड्या दिवसांनी नसेल." तिनं हे अजिबात आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

मग तिनं विचारलं, "जेवण काय असतं?" तो म्हणाला, "साधंच." मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीच सांगितलं, कैरी, बोंबील, सुकट, सगळं. सांगताना वाटलं, मी तुझीच चहाडी करतेय. ती लिहून घेत होती, मध्येच वर बघून म्हणाली, "तुम्ही सख्ख्या बहीण ना? आणि आईलाही होतं म्हणता. मग तुमचं कधी तपासलंय?" मी म्हटलं, माझं काय, मी ठणठणीत आहे, आधी ह्याचं बघा. आणि त्याच्या पथ्याचं पुन्हा विचारलं, भाकरी चालेल का, भाजी कुठली. ती म्हणाली नाचणीची भाकरी चालेल, मीठ न घालता. मी लगेच लिहून घेतलं.

बिरवाडीला घरी पोचल्यावर मी भावजयीला म्हटलं, आधीच्या गोळ्या दाखव, डॉक्टरीणबाईंना नावं कळवायचीत. ती नवऱ्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली आणि बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आली. झाकण उघडलं आणि, आये, तुझाच डबा म्हणावा. पाकिटंच्या पाकिटं. एकेक फोडलेली, बाकी जागच्या जागी. खाली तांदूळ नव्हते एवढाच फरक. "मी काय बोलू ताय," ती म्हणाली, "ते म्हनतात आत्ता काय होतंय मला, म्होरं लागतील." आणि तो, पाय पाटावर ठेवून बसलेला, सुजलेले पाय, मला म्हणतो, "मेडिकलच्या आधी दोन दीस घेतो ना. कैरीपन सोडतो. मंग येतं नार्मल." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. तू त्याच्यासमोर कधी डबा उघडला नसशील. तरी तुझं सगळंच्या सगळं त्याच्यात उतरलेलं.

तेव्हा मी नुसती गोळ्यांची नावं लिहून घेतली आणि निघाले. बोलले ते पंधरवड्यापूर्वी, जेव्हा मी मोकळ्या हातानं त्याच्या दारात गेले. त्यानं आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"यंदा बरनी नाय?"

"नाही. यंदा नाही आणि पुढेही नाही."

"आयेनं सांगितलेलं तुला. मरताना सांगितलेलं."

"सांगितलं होतं. पण तिला माहीत नव्हतं."

"आयेला माहीत नव्हतं आन तुला हाय?" त्याचा आवाज चढला. "आजा तेच खाऊन जगला. काठीबिगर गेला आजा."

"आजा दिवसभर नांगरामागे घाम गाळायचा. तू खुर्ची गरम करतोस. आणि आजाला फरसाण कुणी दिलं होतं?"

"गोळी एकदा लागली की जन्माची लागते. सुटत नाय मंग."

"आणि मशीनला लावलं की सुटतं काय रे?"

 भावजय दारातून आत गेली. मग तो खाली बघत म्हणाला, "तुला काय जातंय ताय. तू सरकारी. आमच्यात अनफिट लिवून आलं ना, दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसतं. डब्यासंगं गोळी काढली आन कुनी बघितली तरी जाऊन सांगतात. म्हनून घेत नाय. समजलं?" हे मात्र मला माहीत नव्हतं. मी इतके दिवस त्याला अडाणी समजत होते, आणि हा बापडा भीतीनं गोळी चोरून ठेवत होता. रागानं आलेले, पण रडू आलं. मी म्हटलं, अरे वेड्या, घरी घे ना, सकाळी तोंड धुतल्यावर, कोण बघतंय? रोज घेतलीस तर रोजच पास होशील, दोन दिवसांपुरतं पास व्हायची गरजच नाही. आणि त्या डॉक्टरीणबाई सांगतात, मूत्रपिंडाची तपासणी दोन दिवस आधी गोळी घेऊन फसत नाही. त्या तपासणीत मागचं सगळं कळतं. "बघू," म्हणाला. "मेडिकल हाय पुढच्या म्हयन्यात. ती झाली की बघू."

निघताना भावजयीनं मागच्या वर्षीची बरणी धुऊन माझ्या हातात दिली. आत मूठभर तांदूळ टाकलेले, रिकामं भांडं परत करायचं नसतं म्हणून. एवढ्या सगळ्यातही ती ते विसरली नाही. मग मलाही ती रिकामी ठेवणं जमेना. बाजारातून नाचणी आणली, निवडली, दळून आणली आणि तुझ्या बरणीत पीठ दाबून भरून त्याच्याकडे पाठवली. रिक्षात ठेवताना रिक्षावाला म्हणाला, काय बाई, यंदा लोणचं लवकर? मी म्हटलं हो. खोटं नाही बोलले गं, नुसतं वादात पडले नाही. पीठ काढून घेऊन भावजयीनं दुसऱ्याच दिवशी ती परत पाठवली, म्हणाली, ही इथं दिसली की त्यांना कैरी आठवते. म्हणून ती ओट्यावर आहे.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "भाकर खाल्ली. आळनी हाय." मी म्हटलं, सवय होईल. गोळी घेतलीस? "घेतली." काल?  परवा?  तो एकदम म्हणाला, "ताय, तू मोजलंस काय तुझं?"

"माझं काय मोजायचंय?"

"डाक्टरीन इचारत हुती तवा तू इषय बदललास. मी बघितलं. आपन एकाच बरनीतलं खाल्लंय. माझ्या आधीपासनं तू खातेस. तुझी पन मान दुखते, मला माहीत हाय, शाळेतनं आलीस की मान दाबत बसतेस, आयेसारखी. तू मोज. आकडा सांग मला. गोळी लागली तर घे. तू घेशील तवा मी घेईन."

मी चिडले. म्हटलं, मूत्रपिंड तुझं जातंय आणि अट मला घालतोस? आडमुठेपणाला काही हद्द? तो शांतपणे म्हणाला, "मंग नाय घेत," आणि फोन ठेवला. तुझाच मुलगा तो, नाही म्हणजे नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी फोन येतो. तो विचारतो, मोजलंस काय? मी विचारते, घेतलीस काय? मग दोघंही हवापाण्याचं बोलतो. भावजय सांगते, डबा तसाच आहे, एकही पाकीट नवं फोडलेलं नाही. पायाची सूज पुन्हा चढलीय. परवा त्याचं रक्त पुन्हा काढायचं आहे.

आणि प्रेशर मोजायचं मशीन माझ्या घरातच आहे, आये. त्याच्यासाठीच आणलं होतं मी, होळीनंतर, मोठ्या हौसेनं. तेव्हा घरातल्या सगळ्यांना पट्टा बांधून झाला. ह्यांचं मोजलं, मुलीचं मोजलं, भांडी घासायला येणाऱ्या बाईचं मोजलं, शेजारणीचं तर दोनदा मोजलं. कुणी म्हणालं, आता तुमचं, की मला गॅसवरचं दूध आठवायचं. शाळेत तपासणीचं शिबिर आलं होतं तेव्हा मुलांची रांग मी लावली, शिक्षकांना हाका मारून मी बसवलं, आणि स्वतः पाहुण्यांचा चहा बघायला गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पळ काढायला चहा फार बरा असतो. मला माहीत आहे सगळं, फळ्यावर लिहून देता येईल इतकं. तरी तो आकडा एकदा दिसला की मी खाटेवरची तू होईन, असं वाटतं. न बघितलेला आकडा डब्यात झाकून ठेवल्यासारखा राहतो, आणि मी तुझीच लेक.

आज दुपारी जेवण झालं, ओटा पुसला आणि मशीन काढून टेबलावर मांडलं. डाव्या दंडाला पट्टा बांधून बसलेय. घट्ट बसलाय, नीट बसलाय, दुसऱ्यांना बांधून हात तयार झालाय ना. फोन शेजारी उताणा ठेवलाय. आकडा आला की त्याला सांगायचा, तो ऐकणार आणि पाकीट फोडणार, इतकं सोपं आहे हे. मग तेवढ्यात वाटलं, आधी तुला बरणीचं सांगावं, तुला न विचारता शब्द मोडला ते बरं नव्हे. म्हणून वही ओढली. तू होतीस तेव्हाही तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, हे काय मला माहीत नव्हतं? हा कागद कुठेही जाणार नाही. खरं सांगू का, बरणीचं तुला सांगायला मी लिहायला बसलेच नव्हते. बटण दाबायचं लांबवायला बसले. मोजताना बोलायचं नसतं, हात हलवायचा नसतो, हे मीच सगळ्यांना दटावून सांगत आले. म्हणजे आता पेन खाली ठेवायला हवं. ते मी अजून ठेवलेलं नाही.